बाराव्या माणसाचे तास

मघाशी ही सांगत होती ना, की हिच्या ऑफिसात आता अंगठा लावल्याशिवाय दार उघडत नाही, आणि निघताना अंगठा लावायला विसरलं तर माणूस रात्रभर आतच आहे असं यंत्र धरून चालतं. तुम्ही सगळे हसलात. हसू मलाही आलं, पण अर्धवट. मला माझे साडू आठवले.

साडू म्हणजे तुमच्या काकूच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बघितलंय तुम्ही त्यांना. गुडघ्यांमुळे हल्ली जिने चढवत नाहीत, म्हणून इकडे येणं कमी झालंय. सहा वर्षांपूर्वी मात्र माणूस ठणठणीत होता आणि नोकरीत होता. त्यांच्या तोंडून ऐकलेलंच सांगतो. एकदाच सांगितलं त्यांनी. पुन्हा विचारलं की विषय बदलतात.

ज्यांना झोप आली असेल त्यांनी आत्ताच उठा. मध्येच उठलात तर मला राग येईल. आणि तो गॅलरीचा दरवाजा लोटून घ्या कुणीतरी, वाऱ्याने आपटतोय.

तर साडूंची नोकरी. कामावर माणसाला इजा झाली तर त्याचा विमा असतो, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. त्या विम्याच्या ऑफिसात आकडेवारीचा विभाग होता, साडू तिथे. कुठल्या धंद्यात किती धोका हे त्यांनी काढायचं. आता मला सांगा, एका कारखान्यात वर्षात दोघांचे हात यंत्रात सापडले आणि दुसऱ्या कारखान्यातही दोघांचेच. दोन्ही सारखेच धोक्याचे का?

"माणसं किती आहेत त्यावर आहे ना ते, काका."

बरोबर. पण नुसती माणसं मोजूनही भागत नाही. कुणी आठ तास राबतो, कुणी चार. म्हणून अपघात किती झाले ते कामाच्या तासांशी ताडून बघायचं. मला हे समजायला दोन वर्षं लागली, तुम्ही हुशार आहात. तर सगळ्या जगाचं लक्ष अपघातांवर. मालकही लपवतात ते अपघातच. साडू म्हणायचे, "पक्का मालक असतो ना, तो अपघात लपवत बसत नाही. तो तास फुगवतो. तास वाढले की धोका आपोआप कमी दिसतो. आणि तासांकडे कोण बघतंय?"

तासांकडे साडू बघायचे. ठिकाणावर जायचं, फेऱ्या मारायच्या, आणि दर फेरीला कोण खरंच कामाला लागलंय आणि कोण नुसतं हजर आहे हे टिपायचं. दिवसभर दुसऱ्यांचा वेळ मोजणारा माणूस. कामामुळे स्वभाव तसा झाला की स्वभावामुळे ते काम मिळालं, देव जाणे, पण डोक्यात संशयाचा किडा. बायकोने सहज म्हटलं की आज लवकर आलात, तर हे विचारणार, "का? कुणी येणार होतं?" माझी त्यांची पहिली भेट झाली तेव्हा मी म्हणालो, रोज पहाटे फिरायला जातो. माझ्या बुटांकडे बघून म्हणाले, "तळवे झिजलेले दिसत नाहीत."

अशा माणसाला भूत दिसलं, असं मी सांगणार नाही. काय झालं तेवढं सांगतो.

एका लॉन्ड्रीचं प्रकरण त्यांच्याकडे आलं. आपल्या कोपऱ्यावर असते तसली नव्हे. हॉस्पिटलांच्या, हॉटेलांच्या चादरी धुणारी, गोदामाएवढी. गावाबाहेरच्या रस्त्याला, आजूबाजूला बंद वखारी. रात्रपाळीला माणसं अकरा. आणि तास येत होते बारा माणसांचे. दारावरच्या कार्डाच्या यंत्रातून ते थेट विमा ऑफिसला यायचे. वर्षभर हेच चाललेलं. आणि त्या वर्षभरात कामावर अपघात? एकही नाही.

साडूंनी मॅनेजरला फोन लावला. तो म्हणाला, "यंत्रात दोष आहे साहेब. आम्ही दोनदा बदललं."

साडूंचं म्हणणं, बिघडलेलं यंत्र कधी कमी दाखवतं, कधी जास्त. हे इमानेइतबारे रोज एकच माणूस जास्त दाखवत होतं. एवढा नियमित बिघाड नसतो. एवढी नियमित लबाडी असते. ते न कळवता गेले.

नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. रात्रपाळी दहाला लागायची. साडू साडेनऊला दारात उभे.

मॅनेजर तिशीतला, टापटीप. गडबडून जाईल अशी साडूंची अपेक्षा होती. तो गडबडला नाही. खुर्ची दिली, चहा मागवला, आणि विचारलं, "रात्रभर थांबणार का?"

"थांबणार."

"मी अकराच्या आत निघतो," तो कपाकडे बघत म्हणाला. "रोजच."

हे साडूंनी मनात नोंदलं. रात्रपाळीचा मॅनेजर रात्री थांबत नाही.

पाळी लागायच्या वेळी साडू स्वतः दाराशी स्टूल टाकून बसले. एकाने दोन कार्डं लावायची, एक आपलं आणि एक न आलेल्या मित्राचं, ही जुनी युक्ती. म्हणून प्रत्येकाचे दोन्ही हात बघून आत सोडलं. रोलरवरच्या तीन मुली. धुलाईच्या यंत्रांवरचे चार पुरुष. ट्रॉल्या ढकलणारे दोघे. बॉयलरवाला. आणि शेवटी घड्या घालणारी एक बाई, साठीच्या आतबाहेरची, तिला सगळे मावशी म्हणत होते. कार्ड लावलं की यंत्र बारीक वाजायचं, हिरवा दिवा लागायचा. अकरा वेळा वाजलं. पडद्यावर आकडा आला, आत अकरा. शटर खाली ओढलं.

साडू स्टुलावरून उठणार, तेवढ्यात यंत्र पुन्हा वाजलं.

हिरवा दिवा. आत बारा.

यंत्रासमोर कुणीही नव्हतं. साडू हाताच्या अंतरावर.

मागे मॅनेजर उभा होता, डोक्यावर हेल्मेट, हातात गाडीची किल्ली. "बघितलंत ना?" तो हळूच म्हणाला. "मी काही केलं नाही."

आणि छोट्या दाराने निघून गेला.

साडूंना बरं वाटलं. आरोप करायच्या आधीच जो सांगतो की मी काही केलं नाही, त्याने केलेलं असतं, हा त्यांचा अनुभव. यंत्रात काहीतरी भरून ठेवलंय, ठरल्या वेळी आपोआप एक माणूस वाढतो, झालं. आता रात्रभर फक्त दाखवून द्यायचं की काम अकराच माणसं करतात.

ते पहिल्या फेरीला निघाले.

आत लांबच लांब हॉल. एका बाजूला धुलाईची यंत्रं, गोल काचेच्या दारांची, आत पांढरं पाणी घुसळतंय. मध्ये तो इस्त्रीचा रोलर. पलंगाएवढा रुंद, वाफेने तापलेला. मुली ओली चादर या बाजूने लावायच्या, तिकडून ती सुकून, कडक होऊन बाहेर यायची. आणि हॉलच्या पार टोकाला घड्या घालायचं टेबल. तिथे जायच्या वाटेवर दोऱ्यांवर जाड पडदे वाळत टाकलेले, त्यामुळे टेबल सरळ दिसायचं नाही. फटीतून दिसायचं.

साडू मोजत मोजत गेले. तीन, सात, नऊ, बॉयलरवाला दहा. पडद्यांच्या फटीतून टेबल दिसलं. मोठी चादर ताणलेली. चादरीच्या या टोकाला सुरकुतलेले दोन हात. अकरा. त्या टोकाला दोन तरुण हात. बारा.

पडदा बाजूला करून ते पुढे झाले. टेबलाशी मावशी एकटीच होती.

"दुसरी कुठे गेली?"

"कोण दुसरी?"

"आत्ता होती ती."

मावशीने घडी घातलेली चादर गठ्ठ्यावर ठेवली. "मोजणारे तुम्ही आहात साहेब. मला काय विचारता?"

आता साडूंना सगळं कोडं सुटल्यासारखं झालं. यंत्रात लबाडी नव्हतीच. माणूस खरंच होता. बिनकार्डाची, कमी वयाची कुणी पोरगी कामाला ठेवलीय, आणि साहेब दिसला की ती लपते. हे त्यांनी दहा ठिकाणी पाहिलेलं. मग त्यांनी शोधायला सुरुवात केली. मळक्या कपड्यांच्या पेट्या उघडल्या. बाथरूमची दारं ढकलली. साबणाच्या पिंपांमागे बॅटरी मारली. शेवटी बॉयलरच्या खोलीत गेले.

बॉयलरवाला स्टुलावर बसून मोबाईल बघत होता. "काय हरवलं साहेब?"

"ती लहान पोरगी कुठे लपवलीय तुम्ही लोकांनी?"

तो मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "लहान नव्हती ती."

"नव्हती म्हणजे?"

तो उठला. काटा बघायच्या निमित्ताने बॉयलरमागे गेला. साडू थांबले, वाट बघत राहिले. तो काही बाहेर आला नाही.

*

दुसऱ्या फेरीला साडू गेलेच नाहीत. हॉलच्या टोकाशी चादरींनी भरलेली एक उंच ट्रॉली उभी होती, तिच्या आड जाऊन उभे राहिले. इथून टेबल पडद्याविना दिसत होतं.

मावशीने गठ्ठ्यातून चादर ओढली. मोठ्या पलंगाची. तुमच्यापैकी कुणी एकट्याने तसली चादर घडी करून बघितलीय का? हात पुरत नाहीत. अर्धी जमिनीवर लोळते. दोन माणसं लागतात.

मावशीने आपल्याकडचे दोन कोपरे धरले. झटकली.

पलीकडचे दोन कोपरे वर आले.

चादर ताणली गेली. सपाट. टेबलावर वीतभर अधांतरी...

मग पलीकडचं टोक पुढे यायला लागलं. हळू. कुणी चालत आल्यासारखं. कोपरे मावशीच्या हातात आले. मावशीने घेतले. मधली दुमड खाली लोंबत होती. तीही उचलली गेली.

पलीकडे कुणी नव्हतं.

साडू बघत राहिले. दुसरी चादर. तिसरी. एकही शब्द नाही. फक्त झटकल्याचा आवाज... आणि पावलं. दोन पावलं पुढे. दोन मागे.

"मग ते पळाले का?"

पळतील ते कसले. ते सरळ टेबलाकडे गेले आणि खाली वाकून दोरा शोधायला लागले. खरं सांगतो. टेबलाखाली हात फिरवून बघितला. वर छताकडे बॅटरी मारली. मावशी चादर हातात धरून उभी होती. दुसरं टोकही तसंच, अधांतरी थांबलेलं. माणूस काम थांबवून बघत उभा राहतो, तसं.

"दोरा नाही साहेब," मावशी म्हणाली. "माझी सून आहे."

'आहे' म्हणाली. साडूंनी ऐकलं ते.

मग तिने सांगितलं, काम न थांबवता. सासूसुना दोघी याच टेबलावर होत्या. गेल्या वर्षी याच दिवसांत एका रात्री रोलरवरची मुलगी आली नाही, म्हणून सुनेला तिकडे उभं केलं. रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. हात जास्त पुढे गेला की दांडीला लागतो आणि रोलर जागीच थांबतो. पण चादरीचा बोळा लागला तरीही थांबतो, आणि सारखं थांबलं की काम तुंबतं. म्हणून दांडी चिंधीने वर बांधून ठेवलेली.

"मग?"

"मग काय..."

 चादर एकदा इकडे आली, एकदा तिकडे गेली.

"हॉस्पिटलात नेलं, पण ती वाटेतच गेली," मावशी म्हणाली. "मॅनेजरने तिचं कार्ड दाराला लावून तिला नोंदीत आधीच बाहेर काढलं. तेव्हा जुनं यंत्र होतं, वेळ मागे सरकवता यायची. मग सगळ्यांना सांगितलं, ती पाळी सोडून निघाली होती, विसरलेली पिशवी घ्यायला परत आली, घाईत हात लागला. म्हणजे कामावरचा अपघात नव्हेच. चौकशीला आलेल्या माणसाने मला विचारलं. मी हो म्हणून मान हलवली."

"का?"

"मुलाला काम नव्हतं. नात दोन वर्षांची. मी नाही म्हटलं असतं तर मलाही काढलं असतं."

"मुलाला काय सांगितलंत?"

"तेच. तो अजून म्हणतो, आई, पिशवीसाठी कशाला गेली असेल परत, एवढी कशी वेंधळी." मावशीने कोपरा ओढून सरळ केला. "ती वेंधळी नव्हती हो."

साडू म्हणाले, ते टोक तेव्हा किंचित खाली आलं. की त्यांना वाटलं, कोण जाणे.

"मी कामावर परत आले त्या रात्री पहिल्यांदा झालं," ती म्हणाली. "दुसरं टोक आपोआप वर आलं. मी किंचाळले असते. पण कोपरे जुळवताना अंगठा आत घालायची तिची सवय आहे. ते ओळखलं मी. मग कशाला किंचाळायचं?"

"तिला काय हवंय?"

"बोलत नाही. काम करते. पाळी सुटली की मी दारात थांबून बघते, रोज. मी घरी जाते. ती येत नाही."

*

आता एवढं ऐकल्यावर तुम्ही-मी गप्प घरी गेलो असतो. साडूंचा किडा अजून वळवळत होता. म्हणाले मला, "साडूभाऊ, मी विचार केला, ही बाई मॅनेजरवर सूड घेतेय. कुणीतरी तिला मदत करतंय. चादरीचं कसं काय ते नंतर बघू. पण हिच्या बोलण्यातली एक गोष्ट लगेच पडताळता येईल. ती दांडी."

दोन वाजता सुट्टी झाली. सगळे दाराजवळच्या खोलीत चहा प्यायला गेले. मावशी गेली नाही, ती टेबलाशीच राहिली. धुलाईची यंत्रं थांबली. रोलर मात्र फिरत होता. तापलेला रोलर एकदम थांबवला तर त्यावरचं कापड जळतं, म्हणून सुट्टीतही तो हळू चालू ठेवतात.

साडू रोलरपाशी गेले. दांडी वर होती. पांढऱ्या चिंधीने बांधलेली. चिंधी नवीन होती, म्हणजे कुणीतरी नुकतीच बदललेली. एक बाई मेली आणि वर्षभराने तिथे तीन पोरी तशाच दांडीखाली हात घालत होत्या.

ते म्हणाले, त्या रात्री पहिल्यांदा त्यांना संशय आला नाही. राग आला. मोबाईल काढून फोटो घेतला. मोबाईल खिशात टाकला. आणि चिंधीची गाठ सोडायला लागले.

गाठ घट्ट होती. त्यांनी चिंधीचा एक पदर बोटांना गुंडाळला. ओढला.

गाठ सैल झाली. दुसरा पदर खाली लोंबला...

रोलरला लागला.

आत गेला.

बोटांभोवतीचा फास आवळला. हात पुढे गेला. त्यांनी मागे ओढला. हात अजून पुढे गेला. वाफ तोंडावर. ओरडायला तोंड उघडलं... आवाज नाही. हॉल रिकामा. रोलर हळूहळू फिरतोय. हळू. अगदी हळू.

बोटांची टोकं तापली.

आणि कुणीतरी त्यांचा दंड धरला.

मागून. कोपराच्या वर. ओला, गरम हात. घट्ट.

एक हिसका.

साडू जमिनीवर आपटले. फास बोटांवरून साल काढत निघाला. चिंधी आत गेली आणि पलीकडून बाहेर पडली, सपाट, इस्त्री होऊन. दांडी खटकन खाली आली. रोलर थांबला.

मग काहीच आवाज नाही.

त्यांनी मागे बघितलं. कुणी नव्हतं. मावशी तिकडे, हॉलच्या पार टोकाला, टेबलाशी. कुणी माणूस तिथून धावत आला असता तरी पोचला नसता. तिच्या हातात चादरीचे दोन कोपरे होते.

दुसरं टोक जमिनीवर पडलं होतं.

"साहेब," ती तिथूनच म्हणाली.  "तिने टोक सोडलं."

साडूंनी सोललेली बोटं छातीशी धरली.

"वर्षात कधी सोडलं नव्हतं..."

*

पाणी आहे का रे कुणाकडे? दे इकडे.

साडू उठून टेबलापर्यंत गेले.  मावशी खाली बसली होती, चादर मांडीवर. त्यांच्या सोललेल्या बोटांकडे बघून तिने सगळं ओळखलं.  मग ती म्हणाली, "लिहा साहेब. ती पाळीवर होती. पिशवी-बिशवी काही नव्हतं. मी सही करते."

साडू म्हणाले, "तुमची नोकरी जाईल."

"लिहा."

"आणि मग ही... इथे..."

खरी नोंद झाली की सून इथून जाईल, हे मावशीलाही कळलं होतं. ती उठली, चादर झटकली आणि पलीकडे बघत उभी राहिली. टोक वर आलं. त्या रात्री जेवढ्या चादरी उरल्या होत्या तेवढ्या दोघींनी घडी केल्या. साडू लांब उभे राहून बघत होते. म्हणाले, मोजायचं विसरलो मी. नोकरीत पहिल्यांदा.

पुढचं झटपट झालं नाही, पण झालं. साडूंनी पुन्हा चौकशी लावली. फोटो होता, मावशीचा जबाब होता, मग बॉयलरवालाही बोलला. रोलरला सील लागलं, मॅनेजर गेला. त्या सुनेचा मृत्यू कामाच्या वेळेतला अपघात म्हणून मोजला गेला.

मुलाला मावशीने स्वतः सांगितलं. साडूंना बरोबर नेलं होतं, एकटीने धीर होईना म्हणून. मुलगा ऐकून उठला आणि बाहेर निघून गेला. रात्रभर आला नाही. सकाळी आला, चप्पल न काढताच दारात उभा राहिला आणि एवढंच विचारलं, "म्हणजे ती पिशवीसाठी परत नव्हती आली?"

"नाही," मावशी म्हणाली.

"मी वर्षभर तिला नावं ठेवली, आई."

त्यानंतर कितीतरी महिने तो आईशी कामापुरतं बोलायचा. आता बरं आहे म्हणतात. नात शाळेत जाते.

आणि यंत्र? तो मृत्यू ज्या दिवशी अधिकृतपणे नोंदला गेला, त्या रात्रीपासून अकरा. साडूंचा स्वभाव तुम्हाला सांगितलाच, ते खात्री करायला तीनदा गेले. अकराच. शेवटी मावशीच्या घरी जाऊन त्यांनी तिला सांगितलं. तिने तोपर्यंत ते काम सोडलं होतं, टेबलावर तिच्या जागी दुसरी बाई आली होती. दारात तांदूळ निवडत बसली होती. ऐकून घेतलं, खडे बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, "गेली म्हणजे." 

"पण काका, त्यांना झोप अनावर झाली असेल. फास आपोआप निसटला असेल, आणि..."

मीही तेच म्हणालो. अगदी असंच, मोठ्या शहाणपणाने. साडूंनी ऐकून घेतलं. मग आत गेले आणि कपाटातून एक शर्ट घेऊन आले. त्या रात्रीचा. गडद निळा, जाड कापडाचा. उजवी बाही त्यांनी माझ्यासमोर पसरली.

कोपराच्या वर रंग उडालेला होता. तेवढ्याच जागी. पुढून चार बोटं, मागून अंगठा. बारीक बोटं, बाईची. शंभरदा धुतल्यासारखी पांढरी. बाकी शर्ट कोरा करकरीत.

मी म्हटलं, साबणाचं पाणी उडालं असेल. ब्लीच वापरतात तिथे.

 साडूंनी माझा हात धरला आणि बाहीवर ठेवला.

थंडीचे दिवस होते. कपाटातले कपडे गारठलेले. तो शर्टही गार होता.

तेवढी पाच बोटांची जागा कोमट होती.